सहा नंबर, सात माणसं

१

गणराज सूर्यवंशी शुक्रवारी सकाळी टाकीत सापडला.

टाकी दुधाची होती. स्टेनलेस स्टीलची, अडीच मीटर उंच, महाळुंग्यातल्या साहेबराव पानसरेंच्या वर्कशॉपमध्ये उभी. वरच्या तोंडातून आत शिडी सोडलेली होती आणि तिच्या पायाशी गणराज कुशीवर पडला होता. अंगावर जखम नव्हती. आदला दिवस गुरुवार, एमआयडीसीची सुट्टी. राहिलेलं काम संपवायला तो एकटाच आला होता असं सगळे सांगत होते. टाकीत आरगॉन वायू भरलेला होता. पोलिसांनी पंचनामा केला आणि अपघाती मृत्यू म्हणून नोंद घातली.

स्टेनलेसचा जोड बाहेरून मारताना मागची बाजू काळी पडू नये म्हणून आत आरगॉन सोडतात. त्याला वास नाही, रंग नाही. हवेपेक्षा जड, त्यामुळे विहिरीत पाणी राहावं तसा तळाला बसून राहतो. आत उतरलेल्या माणसाला काही वेगळं जाणवत नाही. श्वास चालू असतो, फक्त त्या श्वासात प्राणवायू नसतो. दोन-तीन श्वासांत शुद्ध जाते.

हे गणराजला मीच शिकवलं होतं. मी रंगराव गारगोटे. बत्तीस वर्षं वेल्डिंग तपासत आलो, आता पिंपळे गुरवला असतो, आणि कुणी बोलावलं तर अजूनही तपासायला जातो.

शनिवारी दुपारी त्याची बहीण रुपाली माझ्या दारात उभी राहिली. चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर काम करते. दोघं भावंडं दापोडीत एका खोलीत राहायची. डोळे कोरडे होते तिचे.

"सर, दादा एवढा येडा नव्हता. मीटर लावल्याशिवाय तो आत जात नव्हता. पोलीस म्हणलेत, घाई केली असंल. त्याला घाई कशाची होती?"

"इंग्लंडला जायची," मी म्हणालो.

तसं ते सगळ्यांना माहीत होतं. इंग्लंडमधली टाक्या बनवणारी एक कंपनी इथून वेल्डर नेणार होती. तिकडच्या सरकारचा परदेशी कामगार आणायचा परवाना तिच्याकडे होता. अशी कंपनी निवडलेल्या प्रत्येक माणसासाठी एक नंबर काढते, त्याला स्पॉन्सरशिप म्हणतात. नंबर त्या माणसाच्या नावावर, त्याच्या पासपोर्टवर निघतो. तो नसेल तर व्हिसाचा अर्जच भरता येत नाही, आणि एकाचा नंबर दुसऱ्याला चालत नाही. साहेबरावांच्या वर्कशॉपमध्ये सात जणांची चाचणी झाली आणि सहा नंबर आले. गणराज पहिला. चाचणी म्हणजे प्रत्येकाने दोन पत्रे जोडून एक प्लेट मारायची, आणि त्या सातही प्लेटींवर तपासनीस म्हणून माझी सही होती.

रुपालीने फोन पुढे केला. बुधवारी संध्याकाळचा गणराजचा मेसेज होता.

"रुपे, काळजी करू नको. शुक्रवारी सगळं सांगतो. माझी जागा परत मिळंल."

मी तो दोनदा वाचला. जागा परत मिळेल? ती गेली कधी होती?

२

रविवारी मी महाळुंग्याला गेलो. साहेबराव गेटपाशीच भेटले. एकेकाळी याच जमिनीत त्यांचा कांदा असायचा. शेड उभी राहून पंधरा वर्षं झाली, पण चाल अजून बांधावरचीच होती.

"या सर. लई वंगाळ झालं. पोरगं हाताचं सोनं व्हतं माझ्या."

"गुरुवारी तुम्ही बोलावलं होतं त्याला?"

"व्हय. शनवारी टाकी जायाची व्हती. एक जोड ऱ्हायला व्हता. म्हनलं, येऊन मारून जा. मी न्हाई आलो, मावळात सोयऱ्यांकडं व्हतो."

मी टाकीपाशी गेलो. बाहेरून मारलेला शेवटचा जोड पूर्ण झाला होता, गणराजच्या हातचा, एकसारखा. म्हणजे काम झालं होतं. जोडाची आतली बाजू कशी आली ते बघायला तो उतरला असणार. त्याआधी गॅस बंद करायचा, पंखा लावून आतली हवा बदलायची, मग प्राणवायू मोजणारा मीटर दोरीला बांधून तळापर्यंत सोडायचा. साध्या हवेत तो वीस पॉइंट नऊ टक्के दाखवतो. तेवढा आकडा आला तरच शिडी सोडायची.

मीटर होता. पिवळा. अजून दोरीला लटकत होता. मी बटण दाबलं, काही दिसलं नाही.

"बॅटरी गेलीया," साहेबराव म्हणाले. "पंचनाम्यातबी तसंच लिवलंय. मीटर बंद."

"दुसरा मीटर आहे ना तुमच्याकडे? निळा?"

"हाय की. असंल कुटंतरी बाकावर."

बाकावर नव्हता. भिंतीवरच्या खिळ्यावरही नव्हता.

मी परत निघालो तेव्हा ऑफिसातली मिनल पाण्याची बाटली घेऊन मागे आली. सगळ्यांची कागदपत्रं तीच भरायची. साहेबराव फोनवर होते, तरी तिने आवाज खाली घेतला.

"सर, गणराजदादा इंग्लंडला जाणारच नव्हता. त्याचा नंबर तीन आठवड्यांपूर्वीच रद्द झालाय."

३

मिनल मला चाकणच्या चौकातल्या रसवंतीत भेटली. ग्लासाला तिने हात लावला नाही.

मंगळवारी तिने इंग्लंडच्या कंपनीला विचारलं होतं की गणराजच्या नंबराचं पत्र अजून का आलं नाही. त्याच दिवशी उत्तर आलं की त्याने स्वतःच माघार घेतली आहे. सोबत माघारीची मूळ ईमेलही होती. वर्कशॉपच्याच पत्त्यावरून गेलेली, खाली गणराजचं नाव. त्याच्या जागी सातव्या माणसाला, गोरक्षला, नवा नंबर मिळाला होता.

"मी चार दिवस रजेवर होते तेव्हाची आहे ती. मी तशीच दादाला दाखवली. त्याने वाचली. मग म्हणाला, कुणाला बोलू नको, मी बघतो."

"माघारीचं कारण काय दिलं होतं?"

"आईचं आजारपण."

मी ग्लास खाली ठेवला. त्यातली चूक तिच्याही लक्षात आलेली होती.

"त्याची आई तो नववीत असताना गेली, सर. फॉर्म मीच भरलाय. आईच्या नावापुढे 'मयत' मीच लिहिलं."

मिनलला माहीत होतं. गोरक्ष त्याच्याबरोबर सहा वर्षं काम करत होता, त्याला माहीत होतं. त्याच्याबरोबर निवडलेला मित्र प्रितम तर दिवाळीला त्याच्या गावी जाऊन आला होता. असं कारण त्यानेच लिहिलं असतं ज्याने गणराजला घरचं कधी विचारलं नव्हतं, आणि ऑफिसचा कॉम्प्युटर ज्याच्या हाताखाली होता.

मी तसाच गेटवर परत गेलो. साहेबरावांना एवढंच विचारलं, "गणराजच्या आईचं नाव काय?"

ते शेडच्या कडेला ठेवलेल्या लोखंडी कठड्यावर बसले.

"मीच लिवलं. पाच जावं, सा जावं, माझं कायी म्हननं नव्हतं. इंग्लंडवाले मला टाक्यांचं काम देनार व्हते. पन गणराज गेल्यावं त्या टाक्या मारनार कोन? त्याच्यावाचून वर्कशॉप बंद पडलं असतं, सर. ह्ये पाप हाय माझं. पन पोराला मी मारलं न्हाई."

मला ते खरं वाटलं. त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्यामुळे नव्हे, हिशेबामुळे. गणराज जिवंत आणि इथेच राहावा म्हणून त्यांनी खोटं लिहिलं होतं. तो मेला तर ते खोटं फुकट गेलं.

मग उरला ज्याला ती जागा मिळाली तो.

४

गोरक्ष मुंगसे चाकणजवळच्याच गावचा. वडिलांबरोबर गोठ्यात होता. मला बघून धारेची बादली खाली ठेवली आणि चेहरा उतरला.

"तुमी येनार ठावं व्हतं सर. समदे तसंच बघत्यात माझ्याकडं. त्याची जागा मला भेटली."

"कधी कळलं तुला?"

"अडीच आठवडे झाले. पत्रच आलं. मला वाटलं, गणराजनं खरंच सोडली. इच्यारायचं धाडस झालं न्हाई. बोललो तर जागा जाईल असं वाटत ऱ्हायलं."

त्याने पत्र आणून दाखवलं. नंबर त्याच्या नावावर निघून अठरा दिवस झाले होते. व्हिसाचा अर्जही भरला होता. गणराज गेल्या गुरुवारी जिवंत असता काय, नसता काय, गोरक्षच्या कागदावरचं एक अक्षर बदलणार नव्हतं.

"बुधवारी आला व्हता तो," गोरक्ष म्हणाला. "मला वाटलं, भांडल. मीच म्हनलो, भावा, मी कंपनीला लिवतो, तुझी जागा तू घे. तर न्हाई म्हनला."

"काय म्हणाला? त्याच शब्दांत सांग."

गोरक्षने आठवून, एकेक शब्द ठेवत सांगितलं.

"म्हनला, तू कशाला सोडतोस? तुझी प्लेट तू सोता मारलीस. जेनं मारली न्हाई तेनं सोडावी."

गोठ्यात म्हैस हलली. सात जणांतल्या एकाने आपली प्लेट मारली नव्हती, आणि त्या सगळ्यांखाली मी सही केली होती.

५

प्रितम शेळके मोशीला भाड्याच्या घरात राहायचा. मूळचा साताऱ्याकडचा. देखणा, हसतमुख, कामात बरा. गणराजचा जवळचा मित्र. त्याच्या खोलीत नवीन बॅग उघडी होती आणि वर घडी न मोडलेलं जाड जॅकेट.

"बसा सर. मला तर अजून पटत नाही. आम्ही दोघं एकाच विमानाने जाणार होतो."

"शेवटचं कधी बोललात?"

"बुधवारी. तयारीचंच बोलत होता. तिकडे खोली एकत्र घेऊ, स्वयंपाक मी करतो म्हणाला."

मंगळवारी गणराजला कळलं होतं की तो जाणार नाही. बुधवारी तो खोलीचं कशाला बोलेल? मी काही दाखवलं नाही.

"गुरुवारी तू कुठे होतास?"

"घरीच. तो कामावर गेला हेही मला शुक्रवारी कळलं."

"एवढा जाणता वेल्डर, आणि असा उतरला. मला कळत नाही प्रितम."

"त्याची चूक नाही सर." तो कळवळून बोलला, आणि तेव्हा तो कळवळा खरा होता असं मला आजही वाटतं. "त्याने सगळं बरोबर केलं. मीटर वीस पॉइंट नऊ दाखवत होता. मग माणूस उतरणारच ना?"

मी पाणी मागितलं. तो आत गेला.

शुक्रवारी मीटर सापडला तेव्हा त्याची बॅटरी संपलेली होती. पंचनाम्यात 'बंद' लिहिलं होतं. पोलिसांनी आकडा बघितला नाही, साहेबरावांनी नाही, मी नाही. गुरुवारी त्या टाकीपाशी जो उभा होता त्यालाच तो आकडा माहीत असणार.

६

सोमवारी सकाळी मी फौजदार तनुजा भोर यांना घेऊन वर्कशॉपला गेलो. मिनलकडून बिघाडाची वही मागवली. यंत्रात, अवजारात काही बिघडलं की कामगारांनी त्यात लिहायचं, मालकाने वाचून सही करायची. साहेबरावांच्या सहीचा रकाना सहा महिने कोरा होता. त्यांनी ती वही उघडलीच नव्हती.

पण कामगारांनी लिहिलं होतं. पाच आठवड्यांपूर्वीच्या पानावर एक ओळ होती: 'पिवळा मीटर अडकला आहे. काही केलं तरी २०.९ दाखवतो. वापरू नये.' खाली सही प्रितमची.

त्या आठवड्यात गणराज जन्माच्या दाखल्यासाठी गावी गेला होता. गोरक्ष तेव्हा दुसऱ्या शेडमध्ये होता, टाक्यांचं काम त्याच्याकडे नव्हतं. या तिघांत पिवळा मीटर खोटं बोलतो हे एकट्या प्रितमला माहीत होतं.

प्रितमच्या बाकाच्या ड्रॉवरला कुलूप होतं. भोर बाईंनी ते तोडायला लावलं. आत निळा मीटर होता. चालू.

प्रितमला बोलावलं. आम्ही चौघं ऑफिसात बसलो होतो. मी, भोर बाई, साहेबराव आणि दाराशी मिनल. मी माझ्या पिशवीतून दोन फोटो काढून टेबलावर ठेवले. चाचणीच्या प्लेटींचे. एक गणराजची, एक प्रितमची.

"प्रत्येकाचा हात वेगळा असतो," मी भोर बाईंना म्हणालो. "जोड मारताना मध्ये थांबावं लागतं. पुन्हा सुरू करताना गणराज थोडा मागे जाऊन, छोटा वळसा काढून पुढे यायचा. तशी खोड दुसऱ्या कुणाला नाही. आता दोन्ही फोटो बघा."

दोन्हींत तो वळसा होता.

"चाचणी माझ्या देखरेखीखाली होती. दुपारी साहेबरावांनी जेवायला घरी नेलं. मी तासाभराने आलो तेव्हा सगळ्या प्लेटी तयार होत्या. त्या तासात मित्रासाठी गणराजने दुसरी प्लेट मारली. दोघं बरोबर गेले असते तर ते दोघांच्याही पोटात राहिलं असतं. मंगळवारी गणराजला कळलं की आपण जात नाही. सहाच्या सहा नंबर वाटून झालेले. कुणी सोडला तरच त्याला मिळणार. गोरक्षकडून घ्यायला त्याचं मन होईना. मग तो प्रितमकडे गेला."

प्रितम फोटोंकडे बघत होता. बोलायला लागला तेव्हा आवाज शांत होता.

"म्हणाला, कंपनीला तू लिही. नाहीतर मी लिहितो, दोन्ही प्लेटी माझ्या म्हणून. मी म्हणालो, गुरुवारी बोलू, तुझ्या कामावर येतो. गावात माझा बोर्ड लागलाय सर. चौकात. 'इंग्लंडला निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' माझा फोटो, खाली सगळ्या भावकीची नावं. तो उतरवायला सांगू कसा?"

"गुरुवारी काय झालं?" भोर बाईंनी विचारलं.

"निळा मीटर मी ड्रॉवरात टाकला. जोड झाल्यावर तो म्हणाला, प्रितम, गॅस बंद कर, पंखा लाव. मी सिलिंडरपाशी गेलो आणि 'केला' म्हणालो. पंखा लावला, पण त्याची नळी टाकीच्या तोंडाबाहेरच ठेवली. तो शिडी बघत होता. त्याने पिवळा मीटर आत सोडला, आकडा वाचला आणि उतरला."

"तू?"

"मी त्याला हात नाही लावला."

"ते विचारलं नाही. तू काय केलंस?"

"थोडा वेळ थांबलो. आतून आवाज आला नाही. पंखा बंद केला, सिलिंडर बंद केला. तळेगाव रोडला जाऊन चहा घेतला."

साहेबरावांनी डोकं टेबलाला टेकवलं. प्रितमला घेऊन जाताना भोर बाई दारात थांबल्या.

"गारगोटे, या दोन प्लेटी तुम्ही सहीच्या वेळी बघितल्या होत्या?"

"बघितल्या होत्या."

"तो वळसा तेव्हा दिसला नव्हता?"

मिनल माझ्याकडे बघत होती. नाही म्हणणं सोपं होतं. माझं वय बघून कुणी पुढे विचारलं नसतं.

"दिसला होता," मी म्हणालो. "पोरं चालली आहेत, जाऊ देत, असं वाटलं. सही केली."

त्यांनी ते लिहून घेतलं.

७

दहा दिवसांनी इंग्लंडहून पत्र आलं. चाचणीवर विश्वास राहिला नाही म्हणून सहाही नंबर रद्द. चौघा निर्दोष पोरांचे आणि गोरक्षचाही. गोरक्ष मला भेटायला आला नाही, पण त्याच्या आईचा फोन आला. तिने एवढंच विचारलं, "माझ्या लेकाची प्लेट तर त्याचीच व्हती ना?" मी हो म्हणालो. तिने फोन ठेवला. चाकणच्या एका कंपनीत तो आता ब्रॅकेट वेल्ड करतो, दोन शिफ्ट. मला तपासणीचं काम आता कुणी देत नाही, आणि देऊही नये.

रुपालीने एकच गोष्ट मागितली. "बाबांना मी सांगू शकत नाही, सर. प्रितमनं केलं म्हणून. तुम्ही सांगा."

आम्ही उदगीरपर्यंत रेल्वेने गेलो, पुढे एसटीने. सोपानराव सूर्यवंशी हातमागाच्या सोसायटीत वॉचमन होते, आता घरीच. अंगणात सतरंजी घातली होती. मी सगळं सांगितलं. मीटर, गॅस, माघारीची ईमेल. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"त्यो पोरगा इथं जेवलाय," शेवटी म्हणाले. "गणराजनं ताट वाढलं होतं त्याला." मग विचारलं, "माझ्या लेकराला तरास झाला का?"

"नाही. कळतसुद्धा नाही. झोप लागल्यासारखं होतं."

त्यांनी मान हलवली. रुपालीने आत जाऊन दार लोटून घेतलं.

मला तिथेच उठता आलं असतं. मी उठलो नाही. प्लेटींचं सांगितलं. जेवायला गेलो तेही, दोन प्लेटी एका हाताच्या आहेत हे दिसत असताना सही केली तेही. मी ती प्लेट परत पाठवली असती तर प्रितमला नंबर मिळाला नसता. गणराजला मागायला कुणाची जागा उरली नसती, आणि कुणाला भीतीही वाटली नसती.

सोपानरावांनी माझ्या हातांकडे बघितलं.

"हे पोलिसात सांगितलं का?"

"सांगितलं. लिहून दिलं."

"बरं."

त्यांनी उपरणं झटकलं, उभे राहिले आणि माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

"गाडी साडेचारला हाय," ते म्हणाले. "नंतर न्हाई. तुम्ही निघा."

मी फाट्यापर्यंत चालत गेलो. बरोबर कुणी आलं नाही.